माहेरचं नाव

“काउंट जुळला ना मॅडम? मग सही करा अन् मोकळ्या व्हा,” प्रोजेक्ट मॅनेजर जाधव सर म्हणाले.

शहरातल्या एका हॉस्पिटलची पेशंट रेकॉर्ड्स जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात हलवली होती. याला मायग्रेशन म्हणतात. सामान नीट पोचलं का, ते बघणं माझं काम. जेवढी रेकॉर्ड्स निघाली तेवढीच पोचली होती. पण मला खोकी उघडून बघायची खोड आहे. लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर लावून मी रजिस्ट्रेशन काउंटरशेजारी जाऊन बसले. काउंटर अजून जुन्यावरच चालू होता.

सिल्लोडच्या एक मावशी लेकीला घेऊन आल्या. लेकीला आठवा महिना, पहिलं बाळंतपण, नाव वैष्णवी. माझ्या स्क्रीनवर ती सापडली. ॲलर्जीचा रकाना रिकामा.

एवढ्यात मावशी म्हणाल्या, “नंदे, पाय लई सुजलेत तुझे. बस इथं.”

“नंदा कोण?” मी विचारलं.

“हीच की! लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. आम्हाला नंदाच हाय.”

मी नंदा शोधली. लहानपणी एका अँटिबायोटिकच्या इंजेक्शननं तिचा श्वास कोंडला होता. पुन्हा देऊ नये, अशी स्पष्ट नोंद होती.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘माहेरचं नाव’ हा रकाना दोन्ही रेकॉर्ड्स जोडून ठेवायचा. नवं बाहेरदेशी बनलेलं, त्यात तो रकानाच नव्हता. पोरगी एक, पेशंट दोन, आणि काउंट मात्र बरोबर!

“एका बाईसाठी नव्या सॉफ्टवेअरचं गो-लाइव्ह थांबवायचं?” जाधव सर वैतागले.

“सर, आपल्याकडं नाव बदललेल्या सुना काय कमी आहेत?”

त्यांनी स्क्रीनवरच्या दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. मग हळूच म्हणाले, “माझी आईच आहे एक. थांबवू.”

रकाना घातला, रेकॉर्ड्स पुन्हा जोडली, तपासली. मग मी सही केली. नंदा बाळंतपणाला आली तेव्हा नवं सॉफ्टवेअर चालू झालं होतं. सिस्टरनं स्क्रीनवरची लाल सूचना पाहिली आणि डॉक्टरांना विचारून दुसरं औषध दिलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मी भेटायला गेले, तर नंदानं विचारलं, “मॅडम, कॉम्प्युटरात नंदा अजून हाय का?”

“आहे की. दोन्ही नावं आहेत.”

“राहू द्या. सासरी कुणीच म्हणत नाय आता.”

मी तिचा हात धरून बसले.

हल्ली मायग्रेशनच्या पहिल्याच मीटिंगला मी विचारते, जुन्यातला कुठला रकाना नव्यात नाही? ‘तसा एकही नाही’ असं उत्तर आलं, की मी पेन बंद करते आणि काउंटर कुठं आहे ते विचारते.