दादाच्या बंदुकीची माशी

माझ्या तरुणपणाबद्दल मला फारसा आदर नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी गिरगावातल्या आमच्या चाळीचा स्वयंघोषित पुढारी होतो. दिवसभर फोर्टातल्या सरकारी कचेरीत साहेबापुढे मान खाली घालायची आणि संध्याकाळी चाळीच्या चौकात मूठ आवळून 'झालाच पाहिजे' ओरडायचं, एवढाच माझा पराक्रम.

थोरला भाऊ, आमचा दादा, ओरडत नसे. तो चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यात फिटर होता. मालकाला नेमबाजीचा शौक; त्याच्या क्लबातल्या बंदुका बिघडल्या की दादाला बोलावणं येई. एकदा दुरुस्त केलेली बंदूक तपासायला म्हणून दादाने पाच छर्रे मारले आणि पाचही काळ्या ठिपक्यात घातले. तिथल्या शिकारी मंडळींना ते रुचलं नाही. ही मंडळी एरवी वेताच्या खुर्च्यांत बसून आपण न मारलेल्या वाघांच्या गोष्टी सांगत. त्यांतल्या एकाने ऐकवलं, "स्पर्धेत उतरायचं तर स्वतःची बंदूक आणा." फिटर कुठली बंदूक आणणार, एवढाच त्याचा अर्थ होता. दादाला तो कळलाच नाही. दिवाळीनंतर स्पर्धा होती, आणि हा गृहस्थ घरी बंदूक करायला बसला.

बंदूक म्हणजे छर्‍याची. तिला परवाना लागत नसे. चोरबाजारातून त्याने एका मोडक्या विलायती बंदुकीचा सांगाडा आणला. मागचा लाकडी दस्ता वडिलांच्या शिसवी पलंगाच्या पट्टीतून कोरला. वडील गेल्यापासून त्या पलंगावर फक्त गाद्यांचा ढीग झोपत असे. आतला दट्ट्या हवा धरीना, तेव्हा स्टोव्हच्या पंपात असते तशी चामड्याची चकती त्याने जुन्या वहाणेतून कापली आणि एरंडेलात भिजत घातली.

"दादा, हिच्यावर चहा होईल का रे?" मी कुत्सितपणे विचारलं.

"होईल की. आधी नेम तर लागू दे," तो म्हणाला.

चाळीची अक्कल याहून वेगळी नव्हती. ज्याला त्याला मोरीतल्या घुशी मारून हव्या होत्या. दादा गॅलरीत बसून पॉलिश पेपर घाशी, दस्ता गालाला लावून पाही आणि पुन्हा घाशी. इतक्या खुशीत मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शेवटी राहिली ती माशी. बंदुकीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. तीन वेळा त्याने पितळेची माशी घडवली, आणि तिन्ही वेळा केसभर तिरकी बसते म्हणून काढून फेकली. आणि माशी शिंकली तीही तिथेच.

सार्वजनिक नळावर शेजारणीने आईला विचारलं, थोरल्याचं कुठवर आलंय? आई कौतुकाने म्हणाली, "आता माशी तेवढी बसली, की तो नेम धरायला मोकळा." त्या आठवड्यात शहरात गोळीबार झाला होता आणि शेजारच्या वाडीत पोलिसांनी झडती घेतली होती. बातमी तिसर्‍या मजल्यावर पोचेपर्यंत माशीचा पोलिसांचा खबर्‍या झाला होता, आणि तो कुठेतरी येऊन बसला की दादा त्याला उडवणार होता. कचेरीला सुट्टी होती, तिथल्या मालवणच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "तुझो भाव कोणाक मारता रे? पोलीस येतले हां!"

पोलीस म्हटल्याबरोबर पुढार्‍याने घरात शिरून दार लावून घेतलं. परवाना लागत नाही हे मला ठाऊक होतं. काकूंना माशी कसली ते समजावून सांगता आलं असतं. दादा संध्याकाळी येईपर्यंत थांबता आलं असतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, माझी सरकारी नोकरी. मी दस्ता आणि नळी वेगळी केली, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, वर देवाची शिळी फुलं टाकली आणि चौपाटीकडे निघालो. निर्माल्य घेऊन निघालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी अडवत नाही. नाक्यावरच्या हवालदाराने तर बाजूला होऊन हात जोडले. मीही त्याच्याकडे पाहून भाविकपणे मान हलवली. कमरेइतक्या पाण्यात जाऊन गाठोडं सोडलं आणि ओल्या धोतराने घरी आलो.

पोलीस आलेच नाहीत. आला तो दादा, कागदाच्या पुडीत चौथी माशी घेऊन. "या खेपेला बसणार बघ," म्हणत तो कोपर्‍याकडे वळला. तेव्हा मला सांगावं लागलं. त्याने पुडी पुन्हा खिशात ठेवली.

"किती पाण्यात?" एवढंच त्याने विचारलं.

दोन दिवस ओहोटीच्या वेळी तो गुडघाभर पाण्यात वाळू चाचपत फिरला. काही मिळालं नाही. स्पर्धेला तो गेला, दुसर्‍यांच्या बंदुका पुसायला.

पुढे राज्य झालं, त्या दिवशी चाळीच्या चौकात भाषण अर्थातच मी ठोकलं. मराठी माणूस पोलिसाच्या बापालाही भीत नाही, असं मी बाकावर उभा राहून गरजलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत दादा होता. त्याने चाळीत कुणालाही काही सांगितलं नव्हतं, आणि तोही मनापासून टाळ्या वाजवत होता.