धरणावरच्या ट्रेलरचा ब्रेक

ट्रेलरच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम काही केल्या निघेना. दोन दिवस घासलेट पाजून झालं होतं. लाकडी ठोकळा ठेवून घण मारून झाला होता. मनातल्या मनात शिव्याही देऊन झाल्या होत्या. ड्रम आपला चाकाशी गंजून एकजीव होऊन बसलेला.

ओट्यावरून माझे वडील, अण्णा, हे सगळं बघत होते. ते जन्माचे लोहार. पंचवटीतल्या आमच्या घरापुढेच त्यांची भट्टी होती आणि निफाडपर्यंतच्या बैलगाड्या चाकांना लोखंडी धावा बसवायला त्यांच्याकडे यायच्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"दत्तू, मारून काय व्हनार? ऊब दे त्याला."

मी भात्याशी बसलो. त्यांनी निखारे ड्रमभोवती रचले. लोखंड तापलं की फुगतं, हे मलाही ठाऊक होतं, पण किती तापवायचं ते अण्णांच्या डोळ्यांना जास्त कळायचं. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला, मी एकच घाव घातला आणि ड्रम खळ्ळकन सुटला. आत नुसता तांबडा भुगा.

आता हे प्रकरण अंगणात कसं आलं ते सांगतो. मी तेव्हा नाशकातल्या एका मोटर वर्कशॉपमध्ये मिस्त्री होतो. १९३०नंतरचा काळ. गावात मोटारी थोड्या आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून थोडे. दारणेच्या धरणावर पाण्याची मापं घेण्यासाठी एक बोट होती आणि ती काठापर्यंत न्यायला दोन चाकांचा ट्रेलर. ट्रेलर म्हणजे मोटारीला मागून जोडायची गाडी, तिला स्वतःचं इंजिन नसतं. उतारावर चिखल असायचा, त्यामुळे लॉरी वरच सोडवून ठेवावी लागे. मग ट्रेलर हातब्रेकवर हळूहळू पाण्यात उतरवायचा. दर वेळी चाकं पाण्यात बुडायची. ब्रेक गंजला यात नवल नव्हतं, इतकी वर्षं चालला हेच नवल.

ब्रेक गंजल्यावर तिथल्या लोकांनी चाकाला दगड लावून काम चालवलं. धोंडिबा भोई हा तिथला नावाडी. बोट पाण्यात सुटताना तिची दिशा धरायला कुणीतरी ट्रेलरच्या मागे, पाण्यात उभं राहावं लागतं. तो माणूस धोंडिबा. पावसाळ्यात एकदा दगड निसटला आणि चाक त्याच्या पायावरून गेलं. दोन बोटं गेली.

ट्रेलर घेऊन तोच आमच्याकडे आला होता. वर्कशॉपमध्ये जागा नव्हती. मालक म्हणाले, "घरी ने, तिथंच कर." म्हणून अंगण. निघताना धोंडिबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्तरी, दुसरं काम येत नाय मला. मी पुन्ना मागंच उभा ऱ्हानार. एवढं ध्यानात ठिवा."

मी म्हटलं, "ठेवतो." बोलायला सोपं होतं, पण त्या रात्रीपासून तो पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

ब्रेक म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. ड्रम हा चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना शू म्हणतात. शूवर जाड विणलेली पट्टी रिव्हेटनं ठोकलेली असते, ती लायनिंग. लिव्हर ओढला की शू फाकतात, लायनिंग ड्रमला आतून घासते आणि चाक थांबतं. सगळा खेळ घासण्याचा. ड्रम मी पॉलिश पेपरनं आतून लखलखीत केला, स्प्रिंगा बदलल्या, लायनिंग मुंबईहून मागवून नवी ठोकली. घरासमोरच्या उतारावर ट्रेलरमध्ये वाळूची पोती भरून लिव्हर ओढला. चाकं जागच्या जागी उभी राहिली. नवी लायनिंग जरा किंचाळते, तशी किंचाळली.

"चाक वरडतंय," अण्णा म्हणाले.

"ओरडू द्या. नवं आहे."

त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ज्याच्या गाडीचं चाक कुरकुरतं त्याला गावात कुणी गाडीवान म्हणत नाही, असं त्यांच्या पिढीचं गणित. बैलगाडीखाली वंगणाचा नळा कायम लटकलेला हवा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. कारागिराच्या घरी हा मोठा सण. हत्यारं धुवायची, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, त्या दिवशी कुणी त्यांना कामाला लावायचं नाही. मी सकाळी वर्कशॉपच्या पूजेला गेलो. आलो तेव्हा ऐरण, घण, सांडशी, सगळं झेंडूच्या माळांत सजलेलं होतं. ट्रेलरलाही माळ होती. मला बरं वाटलं. पाया पडलो आणि जेवायला बसलो.

दसऱ्याच्या मुहूर्तावर बोट पाण्यात घालायची असं धरणावरच्या ओव्हरसीअर साहेबांनी ठरवलं होतं. सकाळीच लॉरी आली, ट्रेलर तिच्या मागे लावला आणि आम्ही घोटीच्या रस्त्यानं निघालो. त्या वाटेवर हातब्रेकला हात लावायचं कारणच पडलं नाही.

धरणावर मजुरांनी बोट उचलून ट्रेलरवर ठेवली. लॉरी सोडवली. ट्रेलर काठाच्या उतारावर दगडांच्या आधारानं उभा. धोंडिबा धोतर खोचून पाण्यात उतरायला निघाला.

मी म्हणालो, "थांब. पहिल्या खेपेला मागे कुणी नको."

साहेब घड्याळ बघत होते. "मिस्त्री, तुम्हीच म्हणालात ना ब्रेक चांगला झालाय?"

"झालाय साहेब. पण या उतारावर तो अजून धरून पाहिलेला नाही."

"मग बोटीला दिशा कोण देणार? मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त टळू द्या. माझा नियम आहे, नव्या ब्रेकच्या मागे माणूस नाही."

साहेबांनी चिडून घड्याळ खिशात टाकलं. धोंडिबा बाजूला झाला. मी लिव्हर ओढून धरला आणि मजुरांना दगड काढायला सांगितलं.

ट्रेलर थांबलाच नाही. मी लिव्हरला लोंबकळलो, तरी तो लोण्यातून सुरी जावी तसा निघाला आणि धाडकन पाण्यात शिरला. बोट त्यावरून सुटली आणि एकटीच धरणात हिंडायला लागली. जिथं धोंडिबा उभा राहिला असता तिथं आता चाकं होती. तो काठावर उभा राहून त्या जागेकडे बघत होता. मग पाण्यात उडी टाकून बोटीमागे पोहत गेला.

ट्रेलर ओढून वर घेतला आणि चाक तिथंच उघडलं. करंजाच्या तेलाचा भपकारा आला. लायनिंग चिंब. ड्रमच्या मागच्या पत्र्याला लायनिंग बघण्यासाठी एक भोक असतं, त्याच्या कडेला कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. ते बोट कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही.

"तेल गेलंय आत," मी साहेबांना सांगितलं.

"कसं?"

"काल खंडेनवमी होती साहेब."

साहेबांना हसू आलं. "आमच्या चपराशानं काल दुर्बिणीला कुंकू लावलं. भिंगावर. सकाळपासून मला सगळं धरण लाल दिसतंय."

मला मात्र हसू येत नव्हतं. शू काढून घेतले आणि लॉरीनं घरी आलो.

अण्णा सोनं वाटून नुकतेच परतले होते. मी शू त्यांच्यासमोर ठेवले. "अण्णा, चाकात तेल घातलंत?"

"घातलं की. सनाच्या दिवशी लोखंड कोरडं ठिवायचं का? अन् वरडत व्हतं ते."

"ते घासायलाच बनवलंय अण्णा! घासलं तरच थांबतं. आज धोंडिबा मागे उभा असता तर मेला असता."

मी त्यांच्याशी आवाज चढवून कधी बोललो नव्हतो. अण्णांनी शू हातात घेतला, लायनिंगवर अंगठा दाबला. तेल वर आलं. शू त्यांनी हळूच खाली ठेवला. रात्री जेवले नाहीत.

तेल प्यालेली लायनिंग धुऊन भागत नाही. पेट्रोलनं धुवा, तापवा, तेल पुन्हा घामासारखं फुटतं. मी ती उपटून टाकली आणि पुन्हा नवी मागवली. ती यायच्या आत अण्णांनी न सांगता त्या भोकांना स्क्रूनं बसवता येतील अशी लहान पत्र्याची झाकणं घडवली. काम अगदी नेटकं होतं.

निघायच्या दिवशी म्हणाले, "मी येतो."

धरणावर ड्रम पुसून शू आणि झाकणं बसवली आणि ट्रेलर उतारावर लागला. मी पुन्हा सांगितलं, पहिल्या खेपेला मागे कुणी नको. अण्णांनी ऐकलंच नाही. धोतर खोचलं आणि पाण्यात उतरून नेमके धोंडिबाच्या जागी जाऊन उभे राहिले.

"बाबा, वर या," धोंडिबा ओरडला. "ती माझी जागा हाय."

"तुझी नंतर. आधी माझी."

"अण्णा, बाहेर या!" मी म्हणालो.

"तेल म्या घातलं व्हतं. काढ दगड."

ते हलले नसते. मी लिव्हर जीव खाऊन ओढला आणि मान हलवली. मजुरांनी दगड काढले. ट्रेलर वीतभर सरकला, चाकं कर्कश किंचाळली आणि उतारावर तशीच थबकली. मी लिव्हर जरा सैल केला, तो पुन्हा सरकला. ओढला, पुन्हा थांबला. अण्णांच्या छातीपासून हातभर अंतरावर बोट अलगद पाण्यावर तरंगली.

अण्णा वर आले. कान चोळत म्हणाले, "लय वरडतंय पन."

"वरडू द्या बाबा," धोंडिबा म्हणाला. "वरडतंय तवर पाय हाय माझा."

यातून मी एवढंच शिकलो, की ब्रेकचं काम घरी आणलं तर तो कसा चालतो ते घरातल्यांनाही समजावून सांगावं.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी आपली हत्यारं तेल लावून मांडली. मग तेलाची वाटी घेऊन माझ्या हत्यारांच्या पेटीपाशी आले आणि तिथंच थांबले.

"दत्तू," ते म्हणाले, "यातल्या कशाकशाला चालतं?"