बंपरला भोक न पाडता

नागापूरच्या एमआयडीसीत मी स्कूटरची नंबरप्लेट बसवायला गेलो होतो. तिथं एक टोपीवाले म्हातारे गृहस्थ कोल्हारहून लाल स्पोर्ट्स कार टेम्पोवर चढवून घेऊन आले होते. मिस्त्रीनं ड्रिल उचललं, तसा त्यांनी बंपरवर तळहात ठेवला.

“भोक पाडू नका. पोराला खपनार न्हाई.”

मिस्त्रीनं मग बंद गाडी ओढायला टोचनचा हूक लावतात, त्या आयत्या भोकात प्लेटचा दांडा पिळला. तोवर म्हातारे खांद्यावरच्या टॉवेलानं बंपर पुसत राहिले, तापलेलं कपाळ पुसावं तसे.

“मुलगा चालवतो का?” मी उगाच विचारलं.

“मित्राच्या मोटरसायकलवरनं पडला, तवापासनं खाटेवर हाय. गाडी त्याच्या खिडकीसमोरच लावलेली असती. म्हनतो, उठल्यावर पोलीस अडवतील, नंबर लावून ठेवा.” त्यांचा आवाज खाली गेला. “उठनार न्हाई, हे डॉक्टरांनी मला सांगितलंय. त्याला कोन सांगनार?”

प्लेट बसली. “बघा काका, ओरखडासुद्धा नाही,” मिस्त्री म्हणाला.

ऑइलनं काळ्या झालेल्या फरशीवर ते गाडीसमोर कुशीवर आडवे झाले. खाटेवरून पोराला दिसेल तसं त्यांना बघायचं होतं.

“दिसतोय नंबर,” म्हणाले.

उठवायला मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही. तसेच पडून राहिले.