शेवटचा बाक

शिवणकाम करणारी मावशी प्रार्थनेला कायम शेवटच्या बाकावर बसायची. समोरच्या निम्म्या पाठींवरचे कपडे तिनेच शिवलेले, त्यामुळे कोण आलं नाही हे तिला लगेच कळायचं. प्रार्थना संपली की ती थेट न आलेल्याच्या दारात, डबा घेऊन. "देव कुठे पळून जात नाही, आधी दोन घास खा," म्हणायची.

यंदा म्हातारे मास्तर तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले, पण मावशी फिरकली नाही. मास्तरांचा राग कायम नाकावर. बरे होऊन आल्या आल्या त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मी तिचं काय घोडं मारलं होतं?"

तेव्हा कुठे सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. शेवटचा बाक रिकामा होता. कधीपासून, ते एकालाही सांगता येईना.