कचेरीमागची विहीर

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा एवढंच. तेव्हा कुणाबद्दल लिहायला बसलो हा आगाऊपणा माफ करावा. पण लातुरातल्या माझ्या घरमालक काकांइतकं कुणी कुणाला जेरीस आणलं नसेल, आणि ते लिहायला दुसरं कुणी नाही.

काका जुन्या कचेरीतले निवृत्त पट्टेवाले. गावातली पाडलेली प्रत्येक इमारत त्यांच्या लेखी जागेवरच होती. पत्ता विचारणाऱ्याला ते निजामाच्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावरून वळून सरायपाशी थांबायला सांगत. नाका माझ्या जन्माआधीच गेलेला, सरायच्या जागी सायकलचं दुकान. माझे वडील एकदा भाकरी घेऊन आले, ते या पत्त्यावर दुपारपर्यंत फिरले. वर काकांनीच त्यांना विचारलं, "एवढी मोठी सराय दिसली न्हाई तुम्हाला?"

लातूर जिल्हा झाला, आणि जुनी कचेरी पाडून तिचा मलबा मागच्या विहिरीत टाकायचं ठरलं. नळ आल्यापासून विहिरीवर पत्रा ठोकलेला होता. ते साल दुष्काळाचं. नळ कोरडे, बायका घागरी घेऊन टँकरमागे धावत. विहिरीत पाणी आहे, हे काकांशिवाय कुणालाच पटत नव्हतं. ते दिसेल त्याला धरून नेत, पत्र्याच्या फटीतून खडा टाकत आणि कान लावायला सांगत. माझी परीक्षा असली तरी सुटका नसे. सहा वेळा मला टँकरच्या हॉर्नशिवाय काही ऐकू आलं नाही. सातव्या वेळी आलं. डुबुक.

मग विहीर बुजवू नये म्हणून कलेक्टर कचेरीला अर्ज सुरू झाले. ते सांगत, मी लिही. खाडाखोड झाली की नवा कागद. चार अर्ज मी नेऊन दिले. चौथ्या वेळी कारकून म्हणाला, "काय कॉलेजकुमार, खडे मोजून राहिले का?" सगळे हसले. पाचवा मी दिलाच नाही.

"दिलास ना?" काकांनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

पुढे मी शिकायला नांदेडला आलो. परवा वडील भेटायला आले, तेव्हा कळलं. विहीर बुजवली. काका रोज त्या ढिगाऱ्यावर जाऊन बसतात. कुणी उठवायला गेलं तर म्हणतात, "थांबा जरा. शिकल्याल्या पोरानं लिवलंय. जवाब येणारच."

वडील हे मोठ्या अभिमानानं सांगत होते. पाचवा अर्ज माझ्या इतिहासाच्या पुस्तकात आहे, चार घड्या घातलेला.