दुसरी नळी

जुने टीव्ही मोडायच्या कारखान्यात तिला सगळे ‘जपून मावशी’ म्हणत. कुणी स्क्रू फिरवला की ती म्हणायची, जपून. कुणी नुसतं पाणी प्यायला उठलं, तरी जपून. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते, पण पातळ टीव्हीच्या पडद्यामागची काचेची नळी न तडकता काढावी तर तिनंच. नळी पेन्सिलीहून बारीक, आत पारा. फुटली की वाफ श्वासात जाते. म्हणून निघालेली नळी थेट झाकणाच्या पिंपात.

घरीही तेच पुराण. फुटली तर आधी माणसं बाहेर काढायची, खिडक्या उघडायच्या, झाडू अजिबात लावायचा नाही. सून मोबाइलमध्ये डोकं घालून "हो आई" म्हणायची. या कानानं ऐकते, त्या कानानं सोडते, अशी मावशीची खात्रीच होती.

परवा एका कार्यालयातून एकसारख्या टीव्हींची खेप आली. त्यातल्या एकाच्या पडद्यामागचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तक्ता मावशीनं मुकादमाला विचारून घरी नेला. नातीच्या, म्हणजे ठकीच्या टेबलाला कुसळं निघाली होती, त्यावर टाकायला. तक्त्याच्या वरच्या कडेची पत्र्याची पट्टी सोडवून तिनं नळी काढली. खालच्या कडेची पट्टी तेवढी राहू दिली, पोरीच्या हाताला काठ लागायला नको. तिचं बघून कारखान्यातल्या आणखी तिघींनी तक्ते नेले.

आज सकाळी त्याच खेपेतला दुसरा टीव्ही तिच्यापुढे आला. वरची नळी निघाली. खालची पट्टी तिनं सहज उचकटली, तर आत आणखी एक नळी.

म्हणजे घरी नेलेल्या तक्त्यातही खालची नळी तशीच होती. ठकी त्या टेबलावर दिवसभर चमचा आपटते.

तिनं सुनेला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. एरवी ही बया फोन हातातून खाली ठेवत नाही!

"मावशी, चेहरा का उतरलाय?" मुकादमानं विचारलं.

"घरी जाते," एवढंच म्हणून ती पळत सुटली.

बसमध्ये तिला बसवेना. एका नळीनं लगेच काही होत नाही, हे नव्या मुलींना तीच सांगायची. आज ते स्वतःला सांगून बघितलं, पण पटेना. ठकी दोन वर्षांची, जमिनीवर लोळणारी, सापडेल ते तोंडात घालणारी.

ती धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली. दार बंद होतं, फटीत ओला टॉवेल कोंबलेला. पायरीवर सून, तिच्या मांडीवर नुसत्या चड्डीतली ठकी.

"आई, आत जाऊ नका."

"फुटली?"

"हिनं पट्टी ओढून काढली, आतून काच पडली. हिला उचललं, खिडक्या उघडल्या, फ्रॉक तिथंच टाकला. झाडू नाही लावला. फोनही आतच राहिला."

मावशी पायरीवर बसली. तिनं ठकीचे तळवे बघितले, तोंडात बोट घालून बघितलं. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. तिला रडूच कोसळलं.

"माझी चूक गं. एकच नळी असते असं धरून चालले, खालची पट्टी उघडलीच नाही."

सुनेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "तसला तक्ता आणखी कुणी नेलाय का?"

मावशीचं रडं जागच्या जागी थांबलं. तिघीही तिच्याच बाकावर शेजारी बसून काम करत होत्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ती निघून आली होती. आणि पट्टी राहू द्या, पोरांना काठ लागतो, हे त्यांना सांगणारी तीच होती.

तिनं मुकादमाचा नंबर लावला. तिकडं यंत्रांचा गोंगाट असणार. फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं.