शेषगिरींचं सफरचंदाचं कषाय

चेन्नईत विल्लिवाक्कमला रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर शेषगिरी राव राहतात. मूळ घराणं तंजावरचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं तमिळ, आणि सगळी नोकरी पेरंबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, सीटांना गाद्या चढवण्याच्या खात्यात गेली. माणूस हाताचा कसबी आणि स्वभावाने गरीब. फक्त संध्याकाळी शिफ्ट सुटली की त्यांचे पाय घराकडे न वळता दारूच्या दुकानाकडे वळत. बायको भवानीने शिकवण्या घेऊन घर चालवलं. एकुलती एक सहाना मैत्रिणींना कधी घरी बोलावत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांना कावीळ झाली. इस्पितळात राहून घरी आले, ते पुन्हा दुकानाच्या वाटेला गेले नाहीत. पण संध्याकाळ जाता जाईना. दिवे लागले की हाताचं काय करावं ते कळत नसे. कॉफीने झोप उडे, ताकाने समाधान होत नसे. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत त्यांना वेंकट भेटला. तो सैन्यात असताना बरीच वर्षं हिमाचलात राहिलेला. त्याने सांगितलं, ‘‘सर, सफरचंदं शिजवा, मसाला घाला आणि हळूहळू प्या. पिण्यापेक्षा करण्यातच वेळ जातो.’’

ते मात्र खरं निघालं. चार सफरचंदं सालासकट चिरायची, बुडतील एवढ्या पाण्यात दालचिनी, लवंगा, ठेचलेलं आलं, एखादं चक्रीफूल आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा टाकून मंद आचेवर ठेवायची. फोडी मऊ झाल्या की डावाने घोटायच्या, जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, धुवट कापडातून गाळायचं, वरून थोडा गूळ. परदेशात याला सायडर म्हणतात, असं सहानाने सांगितलं. भवानीने काढ्याला म्हणतात तसं त्याचं नाव सफरचंदाचं कषाय ठेवलं आणि तेच टिकलं. उन्हाळ्यासाठी शेषगिरींनी थंड प्रकारही बसवला. त्यात सफरचंद न शिजवता किसून पिळायचं, रसात दालचिनीचा तुकडा आणि लवंगा टाकून बाटल्या फ्रिजमध्ये मुरवायच्या, आणि प्यायच्या वेळी लिंबू न् सोडा.

सहाना आता श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कंपनीच्या बसमध्ये तिची कौशिकशी ओळख झाली. त्याचे वडील रविकांत पुण्याहून चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात आले आणि इथलेच झाले. दोन्ही घरांनी होकार दिला आणि साखरपुड्याचं बोलायला रविकांत आणि त्यांची पत्नी मीनाक्षी कौशिकला घेऊन रविवारी दुपारी येतील असं ठरलं.

‘‘अप्पा, तुमचं ते थंडवालं कषाय करा,’’ सहाना म्हणाली.

शेषगिरींना आकाश ठेंगणं झालं. लेकीने पाहुण्यांसमोर त्यांना काही करायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी कोयंबेडूच्या बाजारातून निवडून सफरचंदं आणली, पिळून तीन बाटल्या भरल्या, बुचं घट्ट लावली आणि फ्रिजमध्ये ठेवल्या. मग तिघंही चार दिवसांसाठी भवानीच्या भाचीच्या लग्नाला कुंभकोणमला गेले.

रविवारी सकाळी परतल्यावर आवराआवरीची धांदल उडाली. जेवणं झाल्यावर भवानी फुलं आणायला गेली, सहाना मिठाई आणायला. चव बघावी म्हणून शेषगिरींनी फ्रिज उघडला, तर आत दिवा लागला नाही. हात घातला तर आतला कप्पा कोमट. मागचा स्टॅबिलायझर केव्हा बंद पडला कुणास ठाऊक.

त्यांनी एक बाटली काढून बूच फिरवलं. फस्सकन फेस उसळला आणि बोटांवरून ओघळला. पेल्यात ओतलं तर रस गढूळ झालेला, बुडबुडे वर चढत होते. आणि तो वास! दालचिनी आणि लवंगेच्या मागून येणारा तो वास ओळखायला त्यांना चव घ्यावी लागली नाही. चेन्नईच्या उकाड्याने आपलं काम चोख केलं होतं.

त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. घरात कुणी नव्हतं. हे काय दुकानातलं आहे का, मन म्हणालं, तुझ्याच हातचं सफरचंद आहे, नासलंय की नाही ते तरी बघ. पेला टेबलावर भरलेला होता. शेषगिरी त्याच्याकडे बघत उभे राहिले. कपाळावरून घाम निथळू लागला. मग त्यांनी पेल्याकडे पाठ केली, बाटली उचलली आणि मोरीत उलटी धरली. दुसरी उघडली, तीही ओतली. घामेजल्या हाताने तिसरीचं बूच निघता निघेना. स्वयंपाकघरात फेस झाला आणि गुत्त्यासारखा दर्प भरला.

‘‘अप्पा!’’

दारात सहाना मिठाईचा डबा घेऊन उभी होती. तिने वास घेतला, मोरीतल्या बाटल्या पाहिल्या, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

‘‘सहाना, आंबलंय गे ते,’’ शेषगिरी म्हणाले. ‘‘फ्रिज बंद पडला. मी घेतलं नाही.’’

आपलेच शब्द त्यांना खोटे वाटले. असल्या सबबी त्यांनी आयुष्यभर सांगितल्या होत्या. सहाना लहान असताना ते घरी आले की भवानी आधी तिला दाराशी धाडी, अप्पांच्या तोंडाला वास येतो का बघायला. ते आठवून शेषगिरी पोरीपुढे वाकले. ‘‘बघ. वास घे,’’ म्हणाले.

सहाना एकदम मागे सरली. ‘‘नको, अप्पा! ते काम मी आता करायची नाही.’’ तिने डबा खाली ठेवला, पेला उचलून मोरीत रिकामा केला, त्यांच्या हातातली बाटली घेऊन बूच उघडलं आणि तीही ओतली. ‘‘तुम्ही सांगितलंत ना? मग झालं.’’

शेषगिरींचा जीव भांड्यात पडला. ते स्टुलावर बसले.

‘‘आता सोडाबिडा राहू दे,’’ सहाना नळ सोडत म्हणाली. ‘‘गरम करू. मी कोपऱ्यावरून सफरचंदं आणते, तुम्ही मसाला काढा.’’

मग बापलेकीने घाईघाईने फोडी केल्या. वेळ कमी म्हणून त्या कुकरमध्ये शिजवल्या. झाकण उघडताच आल्या-दालचिनीची वाफ घरभर पसरली आणि आधीचा दर्प कुठल्या कुठे गेला. फुलं घेऊन आलेली भवानी म्हणाली, ‘‘अय्यो, थंड करणार होतात ना?’’

‘‘बेत बदलला, अम्मा. मग सांगते,’’ सहाना म्हणाली.

पाहुणे आले. मीनाक्षींचा घसा बसलेला होता, त्यामुळे वाफाळता टंबलर हाती येताच त्या खुलल्या. दोन घोट घेऊन रविकांत म्हणाले, ‘‘वा! हे कुठे शिकलात हो?’’

भवानी लगबगीने मिठाई पुढे करू लागली. शेषगिरींनी क्षणभर लेकीकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, ‘‘दारू सोडली तेव्हा शिकलो.’’

मिठाईचं ताट भवानीच्या हातातच राहिलं. कौशिकने मान खाली घातली.

रविकांतांनी टंबलर खाली ठेवला. ‘‘कौशिकने सांगितलं होतं आम्हाला,’’ ते म्हणाले. ‘‘विषय काढावा की नाही, यावर येताना गाडीत आमचं भांडण झालं. तुम्हीच काढलात, सुटलो बुवा एकदाचे.’’

‘‘भांडण यांनी केलं, मी नाही,’’ बसक्या आवाजात मीनाक्षी म्हणाल्या. ‘‘आणि अजून थोडं असेल तर द्या. घशाला फार बरं वाटतंय.’’

सगळे हसले. हसता हसता भवानीने पदराने डोळे टिपले आणि पातेलं आणायला आत गेली. साखरपुड्याची तारीख त्यानंतर अशी पटकन ठरली की पंचांग बघायचं ते तारीख ठरल्यावर आठवलं.

पाहुणे गेल्यावर शेषगिरींच्या लक्षात आलं की पाहुणे येणार या धास्तीने दुपारी आपल्याला जेवण गेलंच नव्हतं. त्यांनी दहीभात कालवून घेतला आणि गाळून उरलेला सफरचंदाचा गर लोणच्यासारखा शेजारी वाढून घेतला.

‘‘हे कसलं खाणं?’’ भवानी म्हणाली.

‘‘छान लागतंय,’’ ते म्हणाले. ‘‘तू पण घे. आणि उद्या त्या स्टॅबिलायझरवाल्याला बोलाव गे.’’